खिडकीबाहेरचा कप

पोर्थडॉनच्या धक्क्यावर सकाळी सगळ्यांत आधी कुलूप निघायचं ते चहाच्या खोलीचं. थेल्मा पेन्रोज पाण्याचं भांडं तापत ठेवायची, केशराचे पाव कापडाखाली झाकायची आणि भिंतीवरचे कप एकेक करून उतरवून पुसायची. गावात समुद्रावर पोट असलेली जितकी घरं, तितके त्या भिंतीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला त्या त्या घराचा कप. कप लग्नात मिळतो, बापाकडून मुलाकडे जातो, आणि फुटला तर घरात कुणी आजारी पडल्यासारखे लोक चौकशीला येतात. दुसऱ्याच्या कपातून चहा पिणारा माणूस पोर्थडॉनमध्ये अजून जन्माला यायचाय.

त्या सकाळीही तिनं कप पुसले. एक खिळा रिकामा होता. त्या खिळ्याखालची भिंतही ती रोज पुसत असे, पण तिकडे न बघता. त्या खिळ्यावरचा निळ्या फुलांचा कप खिडकीबाहेरच्या दगडी कट्ट्यावर होता. पाऊस पडून गेला होता आणि कप काठोकाठ भरला होता.

कप खिडकीबाहेर गेला म्हणजे काय झालं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. त्या घराशी बोलायचं नाही. त्यांच्या हाकेला ओ द्यायची नाही, त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही, रस्त्यात समोर आले तर पाठ फिरवायची. चहा मात्र तोडायचा नाही. तो खिडकीतून ओतायचा, त्यांच्या तोंडाकडे न पाहता. चहा देतो म्हणजे आपण किती दयाळू, असं गावाचं स्वतःबद्दल मत आहे. ही शिक्षा पूर्वी दुसऱ्याचे शिंपले चोरणाऱ्यांसाठी होती म्हणे. ज्यांचे कप बाहेर गेले त्यांतले खरोखर चोर किती होते, हे विचारायची पद्धत मात्र पोर्थडॉनमध्ये कधीच नव्हती.

आणि हा निळ्या फुलांचा कप काही चोराचा नव्हता. तो थेल्माच्या सख्ख्या नणंदेचा, मॉरवेनाचा होता.

मॉरवेनाचा नवरा रीनुस मूळचा हॉलंडचा. खाडीतले काळे शिंपले विकत घ्यायला तरुणपणी आला, मॉरवेनाच्या प्रेमात पडला आणि इथलाच झाला. तो कप त्यानं लग्नात तिकडून आणला होता. गाव त्याला थट्टेनं 'जावईबापू' म्हणायचं. त्याच्या भावांचा ट्रक यायचा, दोरांवर वाढवलेले जिवंत शिंपले भरून समुद्रापार न्यायचा, आणि पोर्थडॉनच्या चुली पेटायच्या. आपल्या देशात शिंपले खातं कोण? सुट्टीत आलेले पाहुणे, तेही चवीपुरते. गावाचा सगळा माल तिकडे जायचा. नवा धक्कासुद्धा युरोपीय युनियनच्या पैशातून बांधलेला, बर्फाचं मशीन त्यांचंच, आणि भिंतीवर ताऱ्यांची पाटीही होती.

मग युनियनमधून बाहेर पडायचं की आत राहायचं, यावर मतदान आलं. 'आपलं पाणी, आपले मासे, आपला कायदा!' गावाला वारं लागलं. थेल्माचा नवरा डेन्झिल यानं आपल्या बोटीवर तांबड्या रंगात हातभर अक्षरं काढली: 'बाहेर!' बोटीला आईचं नाव होतं, 'ग्रेस'. ते नाव त्या अक्षरांपुढे दिसेनासं झालं. ताऱ्यांची पाटी कुणीतरी खिळ्यानं खरवडली. थेल्मानं स्वयंपाकघराच्या खिडकीत तोच शब्द लिहिलेला कागद चिकटवला आणि मतही तसंच दिलं. का दिलं, असं कुणी विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. सगळे देत होते, आणि सगळ्यांबरोबर असलं की बरं वाटतं.

देश बाहेर पडला. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी रीनुस आणि मॉरवेना जेवायला आले होते. थेल्मा बटाटे वाढत होती.

"डेन्झिल, एवढ्यात माल काढू नकोस," रीनुस म्हणाला. "बंदरावर अडवतील."

"का म्हणून? काल चालत होता, आज काय झालं?"

"काल आपण आत होतो. आपल्या खाडीचं पाणी काही पहिल्या प्रतीचं नाही. आत असताना शिंपले पलीकडे नेऊन धुतले तरी चालायचं. बाहेरच्यांना म्हणतात, आधी तुमच्याकडे टाक्यांत घालून धुवा, मगच आणा. आपल्याकडे टाक्या आहेत कुठे?"

"मंत्र्यांचा माणूस हॉलमध्ये सांगून गेला. चार दिवसांची कटकट आहे, मग सगळं सुरळीत."

"मंत्र्यांच्या माणसाला शिंपले विकायचे नाहीत, दादा."

मॉरवेना हसली. थेल्मालाही हसू आलं होतं, पण डेन्झिलचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

"माझ्या टेबलावर बसून माझ्या खाडीचं पाणी घाण आहे म्हणतोस?" डेन्झिलनं काटा खाली ठेवला. "तुमचे लोक घाबरलेत, दुसरं काही नाही. आम्ही त्यांना विचारत नाही ना, ते झोंबलंय."

"तुमचे लोक?" रीनुस म्हणाला. "अरे, माझे केस पिकले इथं."

थेल्मानं पुन्हा बटाटे वाढले.

डेन्झिलनं माल काढला. नुसता आपला नाही. धक्क्यावर उभं राहून, 'मी सांगतो, काही होत नाही,' म्हणत त्यानं सगळ्या बोटींचा माल एका ट्रकमध्ये भरायला लावला. ट्रक बंदरावर अडकला, उभा राहिला, आणि जसा गेला तसा परत आला. दार उघडलं तेव्हा माणसं नाकाला हात लावून मागे सरली. गावाची वर्षाची मेहनत आत कुजत होती.

त्या दिवशी चहाच्या खोलीत कुणी बसलं नाही. सगळे उभे होते आणि डेन्झिलकडे बघत होते. म्हातारा जॅगो, ज्याचा शब्द धक्क्यावर शेवटचा, तो म्हणाला, "तू तर म्हणाला होतास काही होत नाही."

डेन्झिलनं भिंतीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला काय ठाऊक, घरातलाच दगा देईल म्हणून? रीनुसनं तिकडे कळवलं असणार. त्याच्याच लोकांनी अडवला ट्रक."

थेल्मा नवऱ्याशेजारी किटली घेऊन उभी होती. हे खोटं आहे, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, तिला आणि त्याला. 'नाही हो, रीनुस तर नको म्हणत होता,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोललं तर दोष नवऱ्याच्या माथ्यावर येणार होता आणि ती भरली खोली त्याच्यावर उलटणार होती. तिनं किटली दुसऱ्या हातात घेतली.

"कप," जॅगो म्हणाला.

सगळ्यांनी थेल्माकडे पाहिलं, कारण कप तिच्या ताब्यात. तिनं खिळ्यावरून निळ्या फुलांचा कप काढला, खिडकी उघडली आणि बाहेर कट्ट्यावर ठेवला. ठेवताना फुटू नये म्हणून जपून ठेवला. पुढे कित्येक दिवस तिला त्या जपण्याचीच सर्वांत जास्त लाज वाटत राहिली.

त्यानंतर गावानं जे केलं ते सभ्यपणानं केलं, आणि म्हणूनच ते बघवत नव्हतं. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. दुकानात मॉरवेना गेली की बाई सुटे पैसे फळीवर सरकवायची आणि शेजारणीशी हवापाण्याचं बोलायची. चर्चमध्ये ती बसली की तो बाक रिकामा व्हायचा. जावईबापूंना तर परदेशी म्हणून सरकारनंही विचारलं होतं, तुम्ही इथं राहायच्या लायकीचे आहात हे सिद्ध करा. ते त्यांनी केलं. पोर्थडॉननं मात्र तेवढंही विचारलं नाही.

आणि शिंपले? ते दोरांवर वाढत राहिले. दोर जड झाले, तुटले, माल तळाला गेला. टाक्या बांधायच्या तर सगळ्या बोटी विकूनही भागलं नसतं. माल निवडायला लिथुआनियाहून आलेल्या बायका आपापल्या गावी परतल्या, त्यांची शेड बंद पडली. डेन्झिलनं बोटीवरची तांबडी अक्षरं पांढऱ्या रंगानं पुसली, पण ऊन पडलं की ती खालून दिसायची. गावाला आपली चूक रोज दिसत होती, आणि जसजशी दिसत होती तसतसं रीनुसवरचं मौन घट्ट होत होतं. स्वतःवर रागावता येत नाही तेव्हा माणसाला कुणीतरी लागतंच.

डेन्झिलची आई, ग्रेस, माडीवरच्या खोलीत खिळून होती. मॉरवेना पूर्वी रोज यायची, आईचे केस विंचरायची. ती येईनाशी झाली तशी म्हातारी विचारू लागली.

"मॉरवेना आली नाही का गं?"

"हॉलंडला गेलीय आई, सासरी. तिकडे कुणी आजारी आहे."

हे डेन्झिलनं ठरवलेलं उत्तर. थेल्मा ते इतक्या वेळा बोलली की तिला ते पाठ झालं होतं. म्हातारी 'बरं' म्हणायची आणि खिडकीकडे तोंड करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मॉरवेना दोनदा दाराशी आली होती. पहिल्यांदा तिनं हाक मारली, "थेल्मा, अगं आईला नुसतं बघून जाते!" थेल्मा आत पाठ करून उभी राहिली. दुसऱ्यांदा तिनं हाक मारली नाही. पायरीवर आईसाठी केलेल्या मुरंब्याचं भांडं ठेवलं आणि गेली. थेल्मानं ते ग्रेसला भरवलं. कुणी केलं हे सांगितलं नाही, पण म्हातारीनं पहिला घास तोंडात घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही.

शरद संपता संपता ग्रेसचं खाणं सुटलं. नर्स येऊन गेली. जाताना जिन्यात म्हणाली, "कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा."

डेन्झिल स्वयंपाकघरात बसला होता. थेल्मानं अंगात कोट चढवला.

"कुठे निघालीस?"

"मॉरवेनाला सांगायला."

"कप बाहेर आहे, थेल्मा."

"आई आहे तिची!"

"माझी नाही?" तो उठून उभा राहिला. "आज आपणच बोललो, तर उद्या लोक विचारतील, मग ठेवला कशाला होता. काय सांगशील त्यांना? सांग ना, काय सांगशील?"

ती निघाली. मॉरवेनाचं घर म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, ग्रेसच्या खिडकीतून दिसणारं. थेल्मानं फाटकावर हात ठेवला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. समोरच्या घरात पडदा हलला. जॅगोची बायको एविस काचेला नाक लावून उभी होती. थेल्माला एकदम त्या भिंतीवरचा दुसरा एक रिकामा खिळा दिसला, आपला. गल्लीत बायका पाठ फिरवताहेत, दुकानात सुटे पैसे फळीवर येताहेत, हे सगळं तिला दिसलं. एक पाऊल टाकायचं होतं. तिनं फाटकावरचा हात काढून घेतला आणि ती घरी परतली.

वर ग्रेस जागी होती.

"आली का?"

"येतेय आई. निघालीय तिकडून."

"हॉलंडहून?"

"हो."

म्हातारीनं उशीवरच मान वळवून खिडकीबाहेर बोट केलं. दुपारच्या उन्हात पलीकडच्या अंगणात दोरीवर चादरी हलत होत्या.

"हॉलंडला गेलेली बाई इथल्या दोरीवर धुणं वाळत घालते होय गं?"

थेल्मा खाटेशेजारी खालीच बसली.

"माझ्या बापाचा कपही बाहेर होता एक हिवाळाभर," ग्रेस थांबत थांबत म्हणाली. "संप फोडला म्हणून. मी आजारी होते, औषधाला पैसे नव्हते, म्हणून कामावर गेला होता तो. मी जाऊन कप धुऊन यायची. शेवाळ धरू नये म्हणून." मग तिनं थेल्माचा हात धरला. "तू धुतेस का गं तिचा, पोरी?"

थेल्मा धुवत नव्हती. 'नाही' म्हणायची तिची छाती झाली नाही. संध्याकाळ व्हायच्या आत ग्रेस गेली, खिडकीकडे तोंड करून.

मॉरवेनाला सांगायला कुणी गेलं नाही. डेन्झिल नाही, थेल्मा नाही, पाद्रीबाबाही नाही. आईच्या दारापुढे शवपेटीची काळी गाडी येऊन थांबली, ती तिनं आपल्या अंगणातून पाहिली, आणि तिला कळलं. गल्लीभर तिचं रडणं ऐकू आलं. खिडक्या लावून घेतल्याचा आवाजही गल्लीभर ऐकू आला.

अंत्यविधीनंतरचा चहा कोळ्यांच्या घरात नेहमी धक्क्यावरच्या खोलीतच होतो. खोली भरली होती. पाव वाटले जात होते, ग्रेस किती गोड बाई होती हे जो तो सांगत होता. थेल्मा किटली घेऊन कप भरत होती. तेवढ्यात खिडकीबाहेर कुणीतरी उभं राहिलेलं दिसलं आणि खोली हळूहळू गप्प झाली.

मॉरवेना होती. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकटी बसली होती तशीच, काळ्या कोटात. रीनुस लांब धक्क्याच्या टोकाला उभा होता. तिनं कट्ट्यावरचा कप उचलला, आतलं पावसाचं पाणी ओतलं, शेवाळ बोटानं पुसलं आणि कप पुढे धरला.

थेल्मानं खिडकी उघडली. रीतीप्रमाणे मान खाली घालून ती ओतू लागली.

"थेल्मा, एकच विचारते," मॉरवेना म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आईनं माझं नाव घेतलं होतं का गं?"

थेल्मानं ओतायचं थांबवलं. मागून डेन्झिल हळूच म्हणाला, "खिडकी लाव."

थेल्मानं मान वर केली. इतक्या महिन्यांनी तिनं नणंदेचं तोंड पाहिलं. गालांची हाडं वर आली होती.

"रोज घेत होत्या," ती म्हणाली. "रोज विचारायच्या, मॉरवेना आली का. मी सांगायची, तू हॉलंडला गेलीस. त्यांना तुझी दोरी दिसत होती वरून. त्यांना सगळं ठाऊक होतं."

मॉरवेनानं कप कट्ट्यावर टेकवला, नाहीतर तो पडला असता.

"थेल्मा!" डेन्झिल म्हणाला.

"थांब. मला बोलू दे. तेव्हा बोलायला हवं होतं, तेव्हा मी किटली धरून उभी राहिले." ती खोलीकडे वळली. "जॅगो, एविस, सगळेच ऐका. रीनुसनं कुणाला काही कळवलं नव्हतं. तो माझ्या टेबलावर बसून सांगत होता, माल काढू नका, अडवतील. मी बटाटे वाढत होते. मी माझ्या कानांनी ऐकलं. डेन्झिलनं ऐकलं."

"बाईला दुःख झालंय," जॅगो पुटपुटला. "बसवा तिला."

"दुःख नाही, लाज वाटतेय! ट्रक कुणी परत पाठवला विचारता? आपण पाठवला. बाहेर पडायचं मत कुणी दिलं? मी दिलं. तुम्ही दिलं. बाहेरच्यांना काय नियम आहे हे न विचारता दिलं. आणि ते कबूल करायला जड जातं म्हणून आपण एका लेकीला तिच्या आईचं तोंड बघू दिलं नाही. मी फाटकापर्यंत गेले होते, एविस. तू पाहिलंस मला. तुझा पडदा हलला आणि मी मागे फिरले. एका पडद्याला घाबरले मी!"

एविसनं पाव खाली ठेवला. थेल्मानं किटली टेबलावर ठेवली, भिंतीवरून 'ग्रेस' लिहिलेला आपल्या घराचा कप काढला आणि दार उघडून बाहेर गेली. निळ्या फुलांच्या कपाशेजारी तिनं तो कट्ट्यावर ठेवला.

मॉरवेना तिच्याकडे बघत होती. थेल्माला वाटलं, ती आता गळ्यात पडेल. ती पडली नाही.

"आता कशाला?" मॉरवेना म्हणाली. "मी दारात उभी राहून हाक मारत होते, तेव्हा एक पाऊल पुढे आली असतीस तर आई भेटली असती मला."

"हो," थेल्मा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"आम्ही घर विकतोय. रीनुसच्या गावी जातोय. त्याला अजून इथंच राहायचंय, वेड्याला." तिनं चहा कट्ट्याखाली ओतला, कप रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातला. "हा घेऊन जाते. आईचा निरोप सांगितलास, तेवढं बरं केलंस."

ती धक्क्याच्या टोकाकडे चालत गेली. रीनुसनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं वळणाआड गेले.

थेल्मा बाहेर उभी राहिली. आत मोठीच पंचाईत झाली होती. बाहेरच्या कपात चहा ओतायचा ही रीत, आणि ओतणारीच बाहेर. बरीच कुजबुज झाली. शेवटी डेन्झिल किटली घेऊन खिडकीशी आला. मान छातीवर टेकली होती.

"माझ्याकडे बघ, डेन्झिल," ती म्हणाली, "आणि मग ओत."

त्यानं ओतलं. कप भरला, वाहायला लागला, कट्ट्यावरून चहा खाली ठिबकू लागला, तरी त्याची मान वर झाली नाही.

पोर्थडॉनची चहाची खोली अजूनही थेल्माच उघडते. दुसरं कुणी त्या कामाला तयार झालं नाही, आणि तिला काढून टाकायचं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं. ती सगळ्यांचे कप पुसते, भरते आणि आपला चहा बाहेर कट्ट्यापाशी, पाऊस असो, वारा असो, उभ्यानं पिते. कप धुऊन पुन्हा तिथंच ठेवते. मॉरवेनाच्या खिळ्याला तिनं कुणाचा कप लावू दिलेला नाही.

उन्हाळ्यात पाहुणे येतात. त्यांना हा बाहेर ठेवलेला कप दिसतो, आणि ते सहज विचारतात, "हा कुणाचा?"

"माझा," थेल्मा म्हणते. "मीच ठेवलाय." आणि मग का ठेवला ते सांगते, रविवारच्या जेवणापासून, एकही गोष्ट न गाळता, आत डेन्झिल बसून ऐकत असला तरीही.